‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’ : परतलेल्या सैनिकाकडे कोण कसे पाहते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : विल्यम वायलर यांचा १९४६ सालचा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’ आपण नुकताच पाहिला, १७२ मिनिटांच्या या चित्रपटात लढाईचे एकही दृश्य नाही, खलनायक म्हणावा असा कोणी नाही आणि शेवटी एक लग्न लागून सगळे मार्गी लागल्यासारखे वाटते, असे असताना युद्धावरून परतलेल्या सैनिकांविषयीचा अत्यंत प्रामाणिक चित्रपट म्हणून त्याचे नाव अजूनही का घेतले जाते, आणि तो अखेर भावुकपणाकडे झुकत नाही का? मी चित्रपटांचे संकलन करतो आणि बरीच वर्षे ते शिकवतोही, त्यामुळे माझे उत्तर कथेपेक्षा चौकटीच्या आणि कटच्या, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाण्याच्या, बाजूने येईल. माझ्या मते हा चित्रपट सैनिकांविषयी जितका आहे, त्याहून अधिक त्यांच्याकडे पाहणाऱ्या माणसांविषयी आहे. आई, बायको, प्रेयसी, बाप, बँकेचा अध्यक्ष, दुकानाचा व्यवस्थापक आणि खिडकीशी जमलेली गल्लीतली पोरे अशा सगळ्यांच्या नजरा इथे मोजून-मापून मांडल्या आहेत. हे एकदा ध्यानात आले, की चित्रपट इतका लांब का आणि त्यात कट इतके कमी का, हे दोन्ही उलगडते.

आधी थोडी पार्श्वभूमी. ऑगस्ट १९४४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकात रजेवर घरी निघालेल्या मरीन सैनिकांविषयी एक लेख आला होता. निर्माते सॅम्युएल गोल्डविन यांच्या पत्नी फ्रान्सिस यांनी तो वाचला आणि यावर चित्रपट व्हायला हवा असे सुचवले. गोल्डविन यांनी हे काम मॅकिन्ले कँटर या लेखकाकडे सोपवले. कँटर यांनी पटकथेऐवजी यमकरहित पद्यातली एक दीर्घ कथाच हातात ठेवली, आणि तिच्यावरून नाटककार रॉबर्ट शेरवुड यांनी पटकथा नव्याने उभी केली. चित्रीकरण १९४६ च्या एप्रिल ते ऑगस्ट या काळात झाले, म्हणजे जपानची शरणागती होऊन पुरते वर्षही झाले नव्हते. लाखो सैनिक नुकते घरी पोहोचले होते आणि घरांची टंचाई, नोकऱ्यांची मारामार, मोडू लागलेले संसार हे सारे रोजच्या वर्तमानपत्रात होते. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाने पडद्यावरचे खोटे तिथल्या तिथे पकडले असते.

वायलर स्वतः त्याच रांगेतून आलेले होते. अमेरिकी हवाई दलासाठी माहितीपट करताना ते बॉम्बफेकी विमानांतून प्रत्यक्ष मोहिमांवर गेले, त्यांचा एक ध्वनिमुद्रक अशाच मोहिमेत मारला गेला, आणि १९४५ मध्ये इटलीवरून उडताना विमानाच्या आवाजाने त्यांची स्वतःची श्रवणशक्ती गेली. पुढे एका कानाने काहीसे ऐकू येऊ लागले, दुसरा कायमचा गेला. या चित्रपटाच्या सेटवर ते ध्वनियंत्रणेला जोडलेले हेडफोन लावून संवाद ऐकत. नटांना त्यांनी नेहमीच्या दुकानांतून तयार कपडे विकत घेऊन चित्रीकरणापूर्वी काही दिवस ते घालून वावरायला लावले, आणि खोल्यांचे सेट हॉलिवूडच्या रिवाजाप्रमाणे ऐसपैस न बांधता खऱ्या घराच्या मापाचे बांधून घेतले. आपण चित्रपट पाहताना खोल्या किंचित अंगावर येतात असे वाटले असेल, तर त्याचे कारण हे आहे. परतलेल्या माणसाला घर लहान वाटतेच.

कथा आपल्याला माहीत आहे, तरी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. बून सिटी या काल्पनिक शहराकडे एकाच लष्करी विमानातून तिघे निघतात. अल स्टीफन्सन (फ्रेड्रिक मार्च) पायदळातला सार्जंट आहे, फ्रेड डेरी (डेना अँड्र्यूज) हवाई दलातला कॅप्टन आहे, आणि होमर पॅरिश (हॅरल्ड रसेल) हा नौदलातला खलाशी आहे. युद्धात या तिघांत फ्रेडचा हुद्दा सर्वांत मोठा होता. नागरी आयुष्यात मात्र अल बँकेतला मोठा अधिकारी आहे आणि फ्रेड औषधांच्या दुकानात सोडा-आइस्क्रीमचे पेले भरणारा पोरगा होता. म्हणजे विमान जमिनीला टेकते त्या क्षणी क्रम उलटतो. शेरवुड यांनी हे कुठेही बोलून दाखवलेले नाही. त्यांनी फक्त आकडे पेरून ठेवले आहेत : हवाई दलात महिना चारशे डॉलरहून अधिक मिळवणारा फ्रेड त्याच दुकानात आठवड्याला साडेबत्तीस डॉलरवर रुजू होतो, आणि अलला बँक वर्षाला बारा हजार देऊ करते. याच विमानात अल म्हणतो, की घरी जाऊन सगळे आपले ‘पुनर्वसन’ करायला निघतील याचीच त्याला सर्वांत अधिक भीती वाटते. पुढचे अडीच तास जे घडते त्याची ही सूचना आहे.

आता होमरकडे येतो, कारण नजरेचा प्रश्न त्याच्यापाशी सर्वांत उघड आहे. मूळ कथेतला होमर मेंदूच्या दुखापतीमुळे हातापायांवरचा ताबा गेलेला मुलगा होता. कोणताही नट ते खोटे न वाटता करू शकणार नाही, असे वायलर यांचे मत झाले. अशा वेळी त्यांनी अपंग सैनिकांच्या पुनर्वसनावरचा एक लष्करी माहितीपट पाहिला आणि त्यात त्यांना हॅरल्ड रसेल दिसले. रसेल युद्धआघाडीवर गेलेच नव्हते. ६ जून १९४४ रोजी, म्हणजे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरत होत्या त्याच दिवशी, उत्तर कॅरोलिनातल्या एका छावणीत प्रशिक्षण देताना सदोष फ्यूजमुळे हातातल्या स्फोटकाचा स्फोट होऊन त्यांचे दोन्ही हात गेले. गोल्डविन यांनी त्यांना अभिनयाच्या शिकवणीला पाठवले, आणि ते कळताच वायलर यांनी संतापून ती शिकवणी बंद करायला लावली.

हातांच्या जागी रसेल यांना, आणि म्हणून पडद्यावरच्या होमरलाही, धातूचे आकडे (हुक) लावलेले आहेत. त्या आकड्यांची यंत्रणा समजून घेतली तर होमरच्या हालचाली नीट वाचता येतात. खांद्यांवरून पाठीमागे एक पट्ट्यांचा साज जातो, त्याला तार जोडलेली असते. खांदा पुढे केला की तार ताणली जाऊन दुभंगलेल्या आकड्याची दोन पाती उघडतात, आणि खांदा सैल सोडला की रबरी कड्यांच्या ताणाने ती मिटतात. म्हणजे काडी पेटवण्याची कृती बोटांऐवजी पाठीतून येते. विमानात होमर इतरांच्या सिगारेटी सफाईने पेटवून देतो तेव्हा त्याच्या खांद्यांकडे पाहा. ते कौशल्य मिळवायला किती मेहनत लागली असेल, हे तिथे दिसते. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी आपल्या पुण्यातले कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले तेही १९४४ मध्येच, आणि या विषयाशी संबंधित कोणी आपल्या परिचयाचे असेल तर त्यांच्यासोबत हा चित्रपट अवश्य पाहावा. अवयव जोडणारे लोक त्यातले जे टिपतात ते आपल्याला सहसा दिसत नाही.

घरी पोहोचल्यावर होमरची अडचण आकड्यांची राहत नाही. शेजारची विल्मा धावत येऊन त्याला मिठी मारते आणि तो हात शरीराला चिकटवून ताठ उभा राहतो. टॅक्सीतल्या मित्रांना निरोप द्यायला तो आकडा उंचावतो आणि आईचा हुंदका फुटतो. गाडीत बसलेल्या दोघांत एवढेच बोलणे होते, की नौदलाने पोराला आकडे वापरायला झकास शिकवले, पण प्रेयसीला कवेत कसे घ्यायचे हे शिकवता आले नाही. मग पहिल्याच संध्याकाळी होमर घरातून पळ काढून बुच काकाच्या बारमध्ये येतो आणि सांगतो, की घरचे लोक एक तर आकड्यांकडे टक लावून पाहतात, नाही तर मुद्दाम नजर दुसरीकडे वळवून बसतात. माझ्या दृष्टीने सगळ्या पटकथेची किल्ली या तक्रारीत आहे. टक लावणे आणि नजर चुकवणे या दोहोंच्या मधली नजर कोणती, तिचा शोध हा चित्रपट घेतो, आणि गंमत अशी, की तोच प्रश्न दिग्दर्शकापुढेही होता. कॅमेरा आकड्यांच्या फार जवळ नेला तर तमाशा होतो, टाळला तर खोटेपणा होतो.

याचे उत्तर वायलर आणि त्यांचे छायालेखक ग्रेग टोलँड यांनी डीप फोकसमध्ये शोधले. कॅमेऱ्यापासून दोन हातांवरचा माणूस आणि खोलीच्या पार टोकाचा माणूस दोघेही सारखेच रेखीव दिसावेत, यासाठी वाइड लेन्स लावायची, ॲपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र) लहान ठेवायचे आणि त्यामुळे कमी झालेला प्रकाश भरून काढायला लाइट भरपूर द्यायचा, असे हे काम असते. टोलँड त्यातले उस्ताद होते. पण तंत्राचे कौतुक करून थांबण्यात अर्थ नाही. आमच्या धंद्यातली रूढ रीत अशी, की एका पात्राने काही केले की कट, आणि दुसऱ्याचा रिॲक्शन शॉट. होमरने आकडा हलवला, कट, आईचे डोळे भरले. या रीतीत संकलक प्रेक्षकाला सांगत असतो, की आता याच्याकडे पाहा आणि आता असे वाटून घ्या. वायलर ते टाळतात. ज्याच्याकडे पाहिले जाते तो आणि पाहणारा हे दोघेही एकाच चौकटीत, एकाच वेळी स्पष्ट ठेवतात, आणि आपण कोणाकडे पाहायचे हे आपल्यावर सोडतात. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँ यांनी १९४८ मध्ये वायलर यांच्यावरच्या निबंधात शॉट मोजून दाखवले होते : त्या काळच्या चित्रपटांत तासाला तीनशे ते चारशे शॉट असत, या चित्रपटात सरासरी एकशे नव्वद. संकलक डॅनियल मँडेल यांना या कामासाठी ऑस्कर मिळाले. कमी कट करून संकलनाचे पारितोषिक मिळणे ही आमच्या क्षेत्रात सहसा न घडणारी गोष्ट आहे आणि मी ती विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

दोन दृश्ये जवळून पाहू. पहिले अलच्या घरी येण्याचे. दार मुलगा उघडतो, मागे मुलगी पेगी येते, आणि अल दोघांच्या तोंडावर हात ठेवून त्यांना गप्प करतो. आतून बायको मिलीचा (मर्ना लॉय) आवाज येतो, दारात कोण आहे? उत्तर येत नाही. पुन्हा विचारता विचारता ती मध्येच थांबते. त्या थांबण्यात तिला कळलेले असते, आणि आपल्यालाही कळते की तिला कळले. मग ती बाहेर येते, लांबट बोळाच्या दोन टोकांना दोघे उभे राहतात आणि एकमेकांकडे चालत जातात. इथे कोणत्याही संकलकाचा हात मिठीच्या क्लोज-अपकडे जाईल. वायलर कॅमेरा लांबच ठेवतात. युद्धाच्या काळात स्वतः परतल्यावर न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या बोळात आपली पत्नी अशीच दुरून दिसली होती, त्या आठवणीवर त्यांनी हे दृश्य बेतले होते. पण माझ्या लेखी खरे कसब पुढच्या भागात आहे. मिठी संपते, आणि त्या घरात कोणाला काय करावे तेच सुचत नाही. माणसे बसतात, उठतात, काहीतरी विचारतात. अल मुलाला भेट म्हणून जपानी तलवार आणि झेंडा देतो, तर मुलगा सभ्यपणे आभार मानतो आणि हिरोशिमातल्या किरणोत्साराचा लोकांवर काय परिणाम झाला हे तुम्ही पाहिले का, असे विचारतो. बाप लढून आला आहे आणि युद्धाविषयी मुलाला बापापेक्षा अधिक ठाऊक आहे. अल त्याच रात्री बायको-मुलीला घेऊन बार पालथे घालायला निघतो, हे मग अगदी स्वाभाविक वाटते.

दुसरे दृश्य बुचच्या बारमधले. फ्रेड विवाहित आहे आणि पेगीच्या (टेरेसा राइट) प्रेमात पडला आहे. अल त्याला बजावतो, की माझ्या मुलीचा नाद सोड. फ्रेड ठीक आहे म्हणतो आणि दाराजवळच्या टेलिफोनच्या खोक्यात जाऊन तिला फोन लावतो. इतक्यात होमर येतो आणि बुचने शिकवलेली पियानोची गत अलला ऐकवायला बसतो. चौकटीत समोर पियानो, त्यावर होमरचे आकडे आणि बुचची बोटे (बुचची भूमिका करणारे होगी कारमायकल हे स्वतः नामांकित संगीतकार होते), बाजूला रेललेला अल, आणि दूर मागे काचेआड फ्रेडची लहानशी आकृती. एका मुलीचे मन तिथे मोडले जात आहे आणि आपल्याला त्यातला एकही शब्द ऐकू येत नाही, ऐकू येतो तो पियानो. होमरचे वाजवणे पाहण्यासारखे आहे, म्हणून डोळा तिकडे ओढला जातो. आणि मागे जे चालले आहे ते महत्त्वाचे आहे, म्हणून तो तिकडेही ओढला जातो. अलचीही नेमकी हीच ओढाताण होते, त्याला हसून वाजवणे ऐकायचे आहे आणि त्याची मान खोक्याकडे वळते. मध्ये त्याच्या चेहऱ्याचे जवळचे शॉट घातले आहेत, आणि तेवढेही नसते तर बिघडले नसते असे मला वाटते. पण १९४६ च्या प्रेक्षकावर इतका विश्वास टाकणे निर्मात्याला जड गेले असावे. फोन संपतो, फ्रेड तिकडच्या तिकडे निघून जातो. हे सारे समोरासमोरच्या शॉटमध्ये तोडले असते, तर उरला असता एक साधा प्रेमभंग.

आपण भावुकपणाचा उल्लेख केला आहे, पण चित्रपटाचा बराच मोठा भाग पैशाविषयी आहे हे सहसा कोणी बोलत नाही. फ्रेड जुन्या दुकानात जातो तेव्हा ते एका साखळी कंपनीने विकत घेतलेले असते. व्यवस्थापक विचारतो, लष्करात खरेदीचा, माणसे हाताळण्याचा काही अनुभव? फ्रेड सांगतो, की त्याचे काम बॉम्ब नेमक्या जागी पाडण्याचे होते, त्याच्या हाताखाली कोणी नव्हते. एवढ्यावर त्याच्या युद्धसेवेची किंमत ठरते, आणि पूर्वी त्याच्याच हाताखाली असलेल्या पोऱ्याचा मदतनीस म्हणून त्याला उभे केले जाते. बायको मारी (व्हर्जिनिया मेयो) हिला गणवेशातला नवरा हवा असतो. साठवलेले पैसे संपत जातात आणि साध्या कोटातल्या फ्रेडकडे ती पाहीनाशी होते. आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे तुझ्यापायी वाया गेली असे ती त्याला सुनावते. चित्रपटाचे शीर्षक आले आहे ते या भांडणातून, कोणा वीराच्या तोंडून नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

अलकडे बँकेने परतलेल्या सैनिकांच्या कर्जाचे खाते दिलेले असते. रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी सही केलेल्या कायद्याने सैनिकांना शिक्षणाचा खर्च, वर्षभर आठवड्याला वीस डॉलर बेकारभत्ता आणि घर, शेती वा धंद्याच्या कर्जाला सरकारी हमी देऊ केली होती. पण मूळ कायद्यात ही हमी कर्जाच्या निम्म्या रकमेला आणि फार तर दोन हजार डॉलरपर्यंत होती. उरलेल्या रकमेचा धोका बँकेचा. नोव्हाक नावाचा एक माजी सैनिक शेत घेण्यासाठी कर्ज मागायला येतो, त्याच्याकडे तारण म्हणून ठेवायला काहीच नाही. अल त्याच्या चेहऱ्याकडे, हातांकडे पाहतो आणि कर्ज मंजूर करतो. अध्यक्ष त्याला समजावणीच्या सुरात दटावतात. मग मेजवानीत अल पिऊन भाषणाला उभा राहतो आणि एक गोष्ट सांगतो : वरिष्ठाने टेकडी काबीज करायला सांगितली, आपण म्हणालो की तारण नसेल तर टेकडी नाही, आणि अशा रीतीने आपण युद्ध हरलो. शेजारी बसलेली मिली काट्याने टेबलक्लॉथवर रेघा ओढून नवऱ्याचे पेले मोजत असते. भाषण सगळे ऐकतात, रेघांकडे आपले लक्ष जाते. आपल्याकडे फौजेतून तिशी-चाळिशीत निवृत्त झालेला जवान बँकेच्या दारात बंदूक घेऊन रखवालीला बसलेला आपण रोज पाहतो. सातारा-सांगलीकडच्या अनेक घरांना हे चित्र नवे नाही, आणि त्यामुळे फ्रेडला दिलेली वागणूक आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही.

नजरेचा धागा दोन दृश्यांत पूर्णत्वाला जातो. गल्लीतली पोरे खिडकीतून चोरून पाहतात म्हणून होमर पूर्वी एकदा भडकून आकडे काचेतून आरपार घालतो. नंतर एका रात्री तो विल्माला (कॅथी ओ’डॉनेल) आपल्या खोलीत बोलावतो आणि झोपण्यापूर्वी काय काय करावे लागते ते दाखवतो. साज उतरतो, आकडे पलंगावर पडतात, पायजम्याचा सदरा तो कसाबसा अंगात घालतो, पण बटणे लावता येत नाहीत. तो शांतपणे सांगतो, की आता दार वाऱ्याने बंद झाले तर मला ते उघडून बाहेर पडता येणार नाही, मी तान्ह्या पोरासारखा परावलंबी असतो. विल्मा पुढे होऊन बटणे लावते. टक लावणेही नाही आणि नजर चुकवणेही नाही, अशी जी नजर होमरला हवी होती ती अखेर एका साध्या कामातून मिळते. रसेल हे नट नव्हते याचा सर्वांत मोठा फायदा इथे झाला. त्यांनी कोणताही भाव ‘आणलेला’ नाही, रोजची कृती रोजच्या वेगाने केली आहे. या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले आणि शिवाय सैनिकांना धीर दिल्याबद्दल एक विशेष ऑस्करही. एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळालेले ते एकमेव अभिनेते आहेत.

फ्रेडच्या बाबतीत पाहणारा बाप आहे. मुलगा गाव सोडून निघून गेल्यावर, रेल्वेपुलाजवळच्या कळकट घरात हा म्हातारा, दारूने थकलेला बाप त्याच्या ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ या शौर्यपदकाचे प्रशस्तिपत्र मोठ्याने वाचतो. जखमी असूनही लक्ष्य न सोडल्याचे सरकारी भाषेतले ते वर्णन वाचताना त्याचा आवाज बदलत जातो. तोवर फ्रेडने यातले घरी कोणाला सांगितलेले नसते, त्याने ती कागदपत्रे फेकून द्यायला सांगितलेली असतात. त्याच वेळी फ्रेड विमानतळावर भंगारात काढलेल्या बॉम्बफेकी विमानांच्या रांगांतून भटकत असतो. ही रांग बनावट नाही, कॅलिफोर्नियात खरोखरच मोडीत काढायला उभी केलेली विमाने आहेत, बहुतेकांची इंजिने आधीच उतरवलेली. तो एका बी-१७ च्या नाकात आपल्या जुन्या जागी जाऊन बसतो. कॅमेरा एकेका इंजिनाच्या रिकाम्या खोबणीवरून फिरतो आणि ह्यूगो फ्रीडहोफर यांचे संगीत इंजिने एकामागून एक सुरू झाल्याचा भास देते. मग खालून विमानाच्या तोंडाकडे सरकणारा शॉट येतो आणि उभे विमान उडाल्यासारखे वाटते. धुळकट काचेआड फ्रेडचा घामेजलेला चेहरा. युद्धाच्या आघातातून मागे राहणाऱ्या अशा मनोवस्थेला (‘पीटीएसडी’) अमेरिकी मानसोपचारशास्त्राने आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले १९८० मध्ये. वायलर यांनी ती एकाही फ्लॅशबॅकशिवाय, एकाही स्फोटाशिवाय चितारली. या विमानांच्या पत्र्यापासून तयार घरे बनवणार असल्याचे तिथला मुकादम सांगतो आणि फ्रेड त्याच्याकडे काम मागतो.

चित्रपटात उणिवाही आहेत, आणि त्या झाकून ठेवण्यात हशील नाही. मारीचे पात्र एकसुरी आहे. नवरा युद्धावर असताना एकट्या राहिलेल्या, नाइट क्लबमध्ये काम करणाऱ्या तरुण बाईची बाजू समजून घ्यायला पटकथेला सवड नाही, कारण तिने दूर झाल्याशिवाय पेगीचा मार्ग मोकळा होत नाही. दुकानात येऊन आपण चुकीच्या शत्रूशी लढलो असे सुनावणारा, कोटाला झेंड्याची पिन लावणारा गृहस्थ केवळ फ्रेडचा ठोसा खाण्यासाठी आणल्यासारखा वाटतो. आणि कृष्णवर्णीय सैनिक फार तर गर्दीत दिसून जातो. ज्या कायद्याचा मी वर उल्लेख केला त्याचे कर्ज आणि महाविद्यालयीन प्रवेश देणे स्थानिक बँकांच्या आणि संस्थांच्या हाती होते, त्यामुळे विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय सैनिकांना त्याचा लाभ फारसा मिळाला नाही. अलच्या बँकेच्या दारात नोव्हाकच्या जागी तसा सैनिक आला असता तर काय झाले असते, हा प्रश्न चित्रपट स्वतःला विचारत नाही.

राहिला शेवट. होमर आणि विल्माचे लग्न घरच्याच दिवाणखान्यात लागते. आकड्याने अंगठी उचलून बोटात घालताना खोलीतली सगळी माणसे श्वास रोखून पाहतात, आणि त्याच चौकटीत फ्रेड खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या पेगीकडे पाहतो. शपथा एका जोडप्याच्या, ऐकणारे दुसरे जोडपे. बारमधल्या दृश्याची मांडणी इथे उलट केली आहे, तिथे दूर गेलेली दोन माणसे इथे जवळ येतात. गोड आहे का? आहे. पण फ्रेड पेगीला जे सांगतो ते नीट ऐकावे : पैसा नसेल, राहायला धड जागा नसेल, स्थिरस्थावर व्हायला वर्षे लागतील, लोकांच्या लाथा खाव्या लागतील. त्याच्याकडे विमाने मोडण्याची रोजंदारी आहे, तीही विमाने संपेपर्यंत. अलचे पिणे सुटलेले नाही, आणि बँकेत त्याची पुढची नोव्हाक-प्रकरणे कशी निपटली जातील हे कोणी सांगत नाही. होमरला रोज रात्री बटणे लावून द्यावीच लागणार आहेत. लग्नाच्या फुलांमागे ही सगळी बाकी शिल्लक आहे, आणि ती खोडून टाकण्याचा प्रयत्न वायलर यांनी केलेला नाही. भावुकपणाचा आरोप मी मान्य करीन तो फक्त संगीतापुरता. त्यालाही ऑस्कर मिळाले, पण काही घरगुती दृश्यांत ते प्रेक्षकाच्या आधी रडू लागते.

चित्रपटाला एकूण सात स्पर्धात्मक ऑस्कर मिळाले आणि तिकीटबारीवरही तो तुफान चालला. तरीही पुढच्याच वर्षी, १९४७ च्या ऑक्टोबरात, हॉलिवूडमधल्या कथित कम्युनिस्टांची संसदीय चौकशी सुरू झाली तेव्हा वायलर यांनी नभोवाणीवरून जाहीरपणे म्हटले, की आज हा चित्रपट मला करू दिला जाणार नाही. बँकेने तारणाशिवाय कर्ज द्यावे असे म्हणणारा अल हा त्या वातावरणात संशयास्पद माणूस ठरू शकत होता.

दुसऱ्यांदा पाहणार असाल तर मोबाइलवर पाहू नका. बारमधल्या दृश्यात मागचा फ्रेड हाताच्या नखाएवढा असतो आणि छोट्या पडद्यावर तो हरवतो. जमल्यास आधी टेलिफोनचे आणि लग्नाचे अशी दोन्ही दृश्ये आवाज बंद करून पाहावीत, आणि प्रत्येक कटला आपली नजर चौकटीत कुठे होती ते कागदावर टिपून ठेवावे. मग आवाजासह पाहून ताडून पाहावे. माझ्या वर्गात हा प्रयोग केला की मुले पहिल्या खेपेला बहुधा आकड्यांकडेच पाहत राहतात, आणि त्यावरची चर्चा मग तास संपला तरी आवरत नाही.